अँटेना ॲरेने मोबाइल रिसीव्हरमधला व्यत्यय कमी करताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने

अँटेना ॲरे, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या अनेक अँटेनांचा संच, म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं: टॉवरवरून टॉर्चसारखा झोत निघालाय आणि तो नेमका एका फोनवर पडलाय. सिग्नल पाठवायचा असेल तर हे चित्र चालून जातं. रिसीव्हरच्या बाजूला बसलात की मात्र ते चकवतं. तिथे आपलं काम झोत टाकण्याचं नसून नको तो सिग्नल कानाआड करण्याचं असतं. आणि गंमत म्हणजे तो सिग्नल किती अंशांवरून येतोय, हे बहुतेक वेळा माहीत असण्याची गरजही नसते. मी सुरुवातीचे कित्येक आठवडे व्यत्ययाचा कोन शोधण्यात घालवले. हवं होतं ते वेगळंच: तो व्यत्यय माझ्या चार अँटेनांवर एकमेकांच्या तुलनेत कसा उमटतो, याचं धड मोजमाप.

खालचं सगळं बेस स्टेशनच्या अपलिंक रिसीव्हरला धरून लिहिलं आहे, म्हणजे फोन बोलतोय आणि टॉवर ऐकतोय. फोनच्या रिसीव्हरलाही तेच तत्त्व लागू पडतं, फक्त तिथे अँटेना दोन-चारच असतात.

आधी व्यत्ययाची जात ओळखा

ॲरे हे प्रत्येक दुखण्यावरचं औषध नाही, म्हणून हातात घेण्याआधी थोडी चौकशी करा. एलटीईत, म्हणजे ४जी नेटवर्कमध्ये, एका रिसोर्स ब्लॉकची (फोनला वाटून दिल्या जाणाऱ्या फ्रीक्वेन्सीच्या तुकड्याची) रुंदी १८० किलोहर्ट्झ असते. तेवढ्या पट्ट्यात सामान्य तापमानाला निसर्गाचाच नॉइज सुमारे उणे १२१ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेतले डेसिबल) भरतो. रिसीव्हरचा नॉइज फिगर, म्हणजे त्याने स्वतः घातलेली नॉइजची भर, ५ डेसिबल धरला, तर शांत रिसीव्हरने उणे ११६ च्या आसपास आकडा दाखवायला हवा. त्याहून दहा-बारा डेसिबल वर दिसत असेल, तर कोणीतरी बोलतंय.

आता तो कोण? शेजारच्या सेलमधले, म्हणजे शेजारच्या टॉवरच्या हद्दीतले, फोन असतील तर पातळी वर्दळीबरोबर चढते-उतरते आणि दर मिलिसेकंदाला ब्लॉकनुसार बदलते. कुठल्या इमारतीवर बसवलेला, स्वतःच्याच आवाजाने बहकलेला सिग्नल बूस्टर असेल, तर वर्दळ असो-नसो, तो दिवसरात्र ओरडत राहतो. हे दोन्ही ॲरेच्या आवाक्यातले.

तिसरा प्रकार फसवा असतो. सैल किंवा गंजलेल्या जोडात आपल्याच टॉवरचे दोन मोठे सिग्नल मिसळतात आणि त्यांतून तयार झालेली तिसरी फ्रीक्वेन्सी अपलिंकमध्ये येऊन पडते. याला पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन म्हणतात. याची खूण अशी की डाउनलिंकचा भार वाढला की व्यत्ययही वाढतो, आणि दोष एकाच केबलच्या जोडात असेल तर एकाच अँटेनाची पातळी वर दिसते. ॲरे त्या अँटेनाचं वजन, म्हणजे बेरजेतला वाटा, कमी करून वेळ मारून नेईल, पण खरा इलाज पाना घेऊन वर चढणं हाच.

चौथ्या प्रकारात शेजारच्या पट्ट्यातला एखादा सिग्नल इतका जबर असतो की रिसीव्हरचा पहिला ॲम्प्लिफायर किंवा सिग्नलचे आकडे करणारा एडीसीच गुदमरतो. १२ बिटांच्या आदर्श एडीसीची झेप (सगळ्यात बारीक ते सगळ्यात जबर सिग्नलमधलं अंतर) जेमतेम ७४ डेसिबल असते. तिथेच सिग्नल कापला गेला, की पुढे कितीही हुशार गणित केलं तरी गेलेली माहिती परत येत नाही. अशा वेळी आधी फिल्टर, मग ॲरे.

अँटेनांमधलं अंतर

नेहमीचा नियम अर्ध्या तरंगलांबीचा. ३.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ८.६ सेंमी, म्हणजे अंतर ४.३ सेंमी. ९०० मेगाहर्ट्झला हेच अंतर १६.७ सेंमी होतं. म्हणून ३.५ गिगाहर्ट्झला ६४ चॅनेलचं (अँटेनापासूनच्या ६४ स्वतंत्र रिसीव्हर-मार्गांचं) पॅनल खांबावर मावतं आणि ९०० ला त्याचा दरवाजा होतो.

अंतर त्याहून वाढवलं तर एका खऱ्या दिशेबरोबर दुसरी खोटी दिशाही ॲरेला तशीच दिसू लागते. पुस्तकं याची फार भीती घालतात. झोत फिरवायचा असेल तर ती भीती रास्त आहे. व्यत्यय दाबण्यापुरतं बोलायचं तर ॲरेला फक्त एवढंच लागतं, की हव्या फोनचा आणि व्यत्ययाचा ठसा सगळ्या अँटेनांवर मिळून वेगवेगळा असावा. चहूबाजूंनी परावर्तनं असलेल्या जागी दूर ठेवलेल्या किंवा अधिक-उणे ४५ अंशांत तिरप्या बसवलेल्या अँटेना हे काम उलट जास्त चांगलं करतात. उंच मास्टवर, जिथे सिग्नल अरुंद कोनातूनच येतो, तिथे अर्धी तरंगलांबी सुरक्षित.

दोन अँटेना, एक कागद

इथे घाई करू नका. पुढचं सगळं या एका उदाहरणात आहे.

दोन अँटेना अर्ध्या तरंगलांबीवर ठेवा. हवा असलेला फोन अगदी समोर आहे, म्हणजे त्याचा सिग्नल दोन्ही अँटेनांवर एकाच फेजने, म्हणजे लाटेच्या एकाच टप्प्यावर, पोचतो. व्यत्यय आणणारा बाजूला, ३० अंशांवर आहे. दोन अँटेनांमधला फेजफरक काढायचा तर १८० अंशांना कोनाच्या साइनने गुणायचं. ३० ची साइन अर्धी, म्हणजे व्यत्यय दुसऱ्या अँटेनावर ९० अंश पुढे असतो.

आता पहिल्या अँटेनाचा सिग्नल ०.७०७ ने गुणा आणि ४५ अंश मागे फिरवा. दुसऱ्याचाही ०.७०७ ने गुणा, पण ४५ अंश पुढे फिरवा. मग बेरीज करा. व्यत्यय दुसऱ्यावर आधीच ९० अंश पुढे होता, त्यात आपण आणखी ९० चा फरक घातला. एकूण झाले १८०. दोन सारख्या लाटा एकमेकींच्या बरोबर उलट, बेरीज शून्य. हव्या सिग्नलच्या दोन प्रतींत मात्र फक्त ९० चा फरक पडला आणि त्यांची बेरीज बरोबर १ येते. फोन जसाच्या तसा, व्यत्यय गायब. पॅटर्नमध्ये पडलेल्या या खड्ड्याला इंजिनिअर नल म्हणतात. मी खड्डाच म्हणतो.

पण हिशेब इथे थांबवू नका, नॉइजचंही बघा. दोन्ही वजनांचे, म्हणजे त्या ०.७०७ गुणकांचे, वर्ग मिळवले तर उत्तर १, म्हणजे एका अँटेनाला जेवढा नॉइज मिळाला असता तेवढाच. खड्डा न पाडता दोन्ही अँटेनांची नुसती सरासरी घेतली असती तर नॉइज निम्मा झाला असता. म्हणजे दोन अँटेनांमुळे मिळणारे ३ डेसिबल आपण खड्ड्यापायी खर्च केले. व्यत्यय नॉइजच्या २० डेसिबल वर असेल, तर हा सौदा झकास आहे: नुसत्या सरासरीत उरलेला कचरा १७ डेसिबलवर राहिला असता, तो शून्यावर आला.

आता व्यत्ययाला जवळ आणा, १० अंशांवर. फेजफरक राहतो फक्त ३१ अंश. व्यत्यय शून्य आणि फोन १ ठेवायचा, तर वजनं १.८६ वर जातात आणि फेज अधिक-उणे ७४ अंशांवर. दोन मोठे आकडे जवळजवळ एकमेकांना मारतात आणि उरलेल्या चिमूटभर भागातून फोनचा सिग्नल उभा राहतो. नॉइज मात्र एकमेकांना मारत नाही, तो ८.४ डेसिबलने वाढतो. व्यत्यय २० डेसिबलचा असेल तर अजूनही सुमारे ११ डेसिबलचा फायदा आहे. तोच व्यत्यय नॉइजच्या जेमतेम ३ डेसिबल वर असेल, तर नुसत्या सरासरीत कचरा ३.७ डेसिबलवर राहिला असता आणि खड्डा पाडून तो ८.४ वर जातो. मेहनत करून नुकसान. या मांडणीत व्यत्यय नॉइजच्या साधारण ८ डेसिबल वर गेल्याशिवाय पूर्ण खड्डा पाडण्यात अर्थ नाही.

हे आकडे एकदा स्वतः कॅल्क्युलेटरवर काढून बघा. पायथॉन आणि ऑक्टेव्हसारखी हिशेबाची सॉफ्टवेअरं नंतर आहेतच.

अँटेना वाढवल्या की मोकळीक वाढते. फोन सांभाळून जास्तीत जास्त किती खड्डे पाडता येतील, तर अँटेनांच्या संख्येपेक्षा एक कमी: चारात तीन, आठात सात. मात्र प्रत्येक खड्डा आपला वाटा मागतोच, आणि सातव्याची वेळ येईपर्यंत तिजोरीत फारसं काही उरलेलं नसतं.

कॅलिब्रेशन, म्हणजे सगळ्यात कंटाळवाणी पायरी

कागदावर खड्डा अथांग होता. प्रत्यक्षात त्याची खोली ठरते ती चॅनेल एकमेकांशी किती जुळतात यावर. दोन लाटांच्या फेजमध्ये १ अंशाची चूक राहिली तर व्यत्यय ३५ डेसिबलपर्यंतच दबतो. ५ अंशांची चूक असेल तर २१ डेसिबल. फेज अचूक असून ॲम्प्लिट्यूडमध्ये १ डेसिबलचा फरक असेल, तर सुमारे १८.

पाच अंश म्हणजे किती, याचा अंदाज मला एका संध्याकाळी आला. चार चॅनेलच्या चाचणीत खड्डा दर थोड्या वेळाने उथळ व्हायचा. मी दोन दिवस सॉफ्टवेअर उसवत बसलो होतो. शेवटी केबल हलवून पाहिली तर तिसऱ्या चॅनेलचा कनेक्टर पूर्ण घट्ट नव्हता, फार तर एका मिलिमीटरचा फरक. ३.५ गिगाहर्ट्झला नेहमीच्या केबलमधली तरंगलांबी ६ सेंमीच्या आसपास असते, म्हणजे एका मिलिमीटरला ६ अंश. हात लागला की फेज बदलायची. तेव्हापासून टॉर्क पाना माझ्या बॅगेत असतो.

करायचं असं: सगळ्या चॅनेलना एकाच घड्याळाचा आणि एकाच लोकल ऑसिलेटरचा (रिसीव्हरमध्ये फ्रीक्वेन्सी बदलण्यासाठी लागणाऱ्या लाटेच्या उगमाचा) आधार द्या. वेगवेगळे ऑसिलेटर असतील तर फेज सतत घसरत राहते आणि जुळणी टिकत नाही. मग अँटेनाच्या शक्य तितक्या जवळ, कपलरमधून (वाहिनीत थोडा सिग्नल सोडणाऱ्या जोडातून) सगळ्या चॅनेलमध्ये एकच ओळखीचा सिग्नल सोडा, प्रत्येकाचा फेज आणि ॲम्प्लिट्यूड मोजा आणि फरकाची दुरुस्ती डिजिटल बाजूला करा. पट्टा रुंद असेल तर एका फ्रीक्वेन्सीवर मोजून भागत नाही. ऊन-वाऱ्याने फेज हलते, म्हणून हे अधूनमधून परत करावं लागतं.

इथे एक सवलत आहे. वजनं त्याच चॅनेलवरून मोजलेल्या नमुन्यांतून काढत असाल, तर स्थिर चुका आपोआप त्या मोजमापात मुरतात आणि अंशांचं कॅलिब्रेशन लागतच नाही. मला कोनाचा नाद सोडायला लावणारं खरं कारण हेच. चालत नाही ती फक्त मोजल्यानंतर बदलणारी चूक, म्हणजे माझा तो कनेक्टर.

व्यत्ययाचा नमुना मोजा

प्रत्येक फोन डेटाबरोबर पायलट पाठवतो, म्हणजे आपल्याला आधीपासून ठाऊक असलेली चिन्हं. त्यांवरून फोनचा चॅनेल काढा, म्हणजे इथे फोनपासून अँटेनापर्यंतच्या वाटेत सिग्नल किती बदलला ते: प्रत्येक अँटेनाला एक कॉम्प्लेक्स आकडा (ॲम्प्लिट्यूड आणि फेज). मग मिळालेल्या सिग्नलमधून चॅनेल गुणिले पायलट एवढा भाग वजा करा. जे उरतं ते व्यत्यय आणि नॉइज. आता या उरलेल्याचा अँटेनांच्या प्रत्येक जोडीसाठी गुणाकार घ्या, त्यात दुसऱ्या अँटेनाचा कॉन्ज्युगेट (फेजचं चिन्ह उलटवलेला आकडा) वापरा, आणि सगळ्या पायलटांवर सरासरी काढा. तयार झालेल्या चौकोनी तक्त्याला कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स म्हणतात. कर्णावर प्रत्येक अँटेनाची पातळी असते. कर्णाबाहेर दोन अँटेनांवरचा व्यत्यय एकमेकांशी किती जुळतो आणि किती फेजने सरकलाय, ते असतं.

वजनं काढायच्या आधी या मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू, म्हणजे व्यत्ययाच्या स्वतंत्र ठशांची ताकद, छापून बघायची सवय लावून घ्या. समजा चार अँटेनांना नॉइजच्या तुलनेत २२, ३, ० आणि ० डेसिबल आले. एकच दांडगा स्रोत आहे, ॲरे त्याला आरामात झोपवेल. त्याऐवजी ९, ९, ८, ८ आले तर गर्दी चहूबाजूंनी आहे, एकाला दाबलं तर दुसरा डोकं वर काढेल, आणि ॲरेकडून फारशी आशा ठेवू नका. या चार आकड्यांनी माझे जेवढे दिवस वाचवले, तेवढे कुठल्याच अल्गोरिदमने वाचवले नाहीत.

खरी अडचण असते नमुन्यांची संख्या. रीड, मॅलेट आणि ब्रेनन यांनी १९७४ मध्ये रडारसाठी दाखवून दिलं, की अशा अंदाजी मॅट्रिक्समुळे सरासरी ३ डेसिबलपेक्षा जास्त तोटा होऊ द्यायचा नसेल, तर अँटेनांच्या साधारण दुप्पट स्वतंत्र नमुने हवेत. एलटीई अपलिंकमध्ये एका ब्लॉकला १२ सबकॅरियर (बारीक उपपट्टे) आणि एका मिलिसेकंदात दोन पायलट चिन्हं, म्हणजे २४ नमुने. आठ अँटेनांना १६ लागतात, निभावतं. ६४ अँटेनांना १२८ लागतील, आणि ते एका ब्लॉकमध्ये कुठून आणणार? शेजारच्या ब्लॉकमधून उसने घ्यावेत, तर तिथे शेजारच्या सेलचा दुसराच फोन बोलत असू शकतो. मागच्या मिलिसेकंदातले घ्यावेत, तरी तोच घोळ. सतत ओरडणाऱ्या बूस्टरसाठी मात्र लांब सरासरी बिनधास्त घ्या. जात ओळखून घ्या असं सुरुवातीला म्हटलं होतं, ते यासाठीच.

मोठ्या पॅनलवर नेहमीचा मार्ग म्हणजे ६४ चॅनेल आधी ठरावीक बीममध्ये, म्हणजे ठरावीक दिशांच्या झोतांमध्ये, बदलून घ्यायचे, फोनची ताकद जिथे आहे आणि व्यत्यय जिथे डोकावतोय असे आठ-दहा बीम ठेवायचे, आणि पुढचं सगळं तेवढ्यावरच करायचं.

वजनं काढा

आता सूत्र, आणि ते अगदी छोटं आहे: कोव्हेरिअन्स मॅट्रिक्सचा व्यस्त घ्या आणि त्याला फोनच्या चॅनेल व्हेक्टरने (प्रत्येक अँटेनाच्या त्या आकड्यांच्या यादीने) गुणा. झालं. लावताना कॉन्ज्युगेट घ्यायला विसरू नका. नवख्यांचा अर्धा दिवस हमखास इथे जातो. याचं उद्योगातलं नाव एमएमएसई-आयआरसी, पुढे नुसतं आयआरसी. एलटीईच्या रिलीज ११ मध्ये थ्रीजीपीपी या मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने फोनच्या रिसीव्हरसाठीही याच्यावर बेतलेल्या कामगिरीच्या अटी घातल्या.

याची खुबी अशी की खड्डा किती खोल पाडायचा, हे ते स्वतःच ठरवतं. मॅट्रिक्समध्ये नॉइजही मोजलेला असल्यामुळे १० अंशांवरच्या त्या ३ डेसिबलच्या व्यत्ययाकडे ते जवळजवळ दुर्लक्ष करतं, आणि २० डेसिबलवाल्याला सरळ गाडतं. कर्णाबाहेर काहीच नसेल आणि कर्णावर सारखेच आकडे असतील, तर तेच सूत्र साधी, चॅनेलच्या ताकदीनुसार केलेली बेरीज होऊन बसतं.

व्यस्त घेण्याआधी कर्णावरच्या आकड्यांत थोडी भर घाला. नमुने कमी असले की लहान आयगेन व्हॅल्यू खऱ्यापेक्षाही लहान येतात, व्यस्त घेताच त्या भलत्या फुगतात आणि वजनं नसत्या दिशांना धावतात. नॉइजच्या पातळीइतकं मिळवून सुरुवात करा, मग दहापटीपर्यंत नेऊन फरक बघा. मी तरी हे कधीच वगळत नाही.

एक सापळा सांगायलाच हवा. फोनचा चॅनेल चुकीचा मोजला गेला, तर वजा केल्यानंतरही फोनचाच थोडा सिग्नल शिल्लक राहतो, तो व्यत्यय म्हणून मॅट्रिक्समध्ये शिरतो, आणि ॲरे इमानेइतबारे आपल्याच फोनवर खड्डा पाडतो. लक्षण विचित्र असतं: फोन जवळ येतो, सिग्नल वाढतो, आणि डिकोडिंग बिघडतं. असं दिसलं की आधी चॅनेलचा अंदाज तपासा. याचा चुलतभाऊ म्हणजे शेजारच्या सेलने तोच पायलट वापरणं. मग चॅनेलच्या अंदाजातच परका फोन मिसळतो आणि ॲरे त्याच्याकडे कान लावून बसतो. थॉमस मार्झेट्टा यांच्या २०१० च्या मॅसिव्ह एमआयएमओवरच्या (एका टॉवरवर ढीगभर अँटेना वापरण्यावरच्या) प्रसिद्ध निबंधात, अँटेना कितीही वाढवल्या तरी शेवटी आडवी येते ती हीच गोष्ट.

तपासणी

थेट चालू सिस्टिमवर आकडे बघून खूश होऊ नका. वर्दळ बदलली की तेही बदलतात. सगळ्या चॅनेलचे कच्चे नमुने एकदा साठवून ठेवा आणि त्याच नमुन्यांवर साधी बेरीज आणि आयआरसी दोन्ही चालवा. तुलना तीच खरी.

तीन प्रसंग मुद्दाम घडवा. व्यत्यय बंद ठेवा: आयआरसीने साध्या बेरजेच्या तुलनेत एखाद्या डेसिबलहून जास्त गमावलं, तर नमुने कमी पडतायत किंवा कर्णातली भर अपुरी आहे. व्यत्यय दांडगा आणि बाजूला ठेवा: फायदा कागदावरच्या हिशेबाच्या आसपास यायला हवा, आणि फारच कमी आला तर कनेक्टर. तिसऱ्यात व्यत्यय हव्या फोनला अगदी चिकटवून ठेवा. इथे फायदा दिसता कामा नये. दिसला, तर कोडमध्ये कुठेतरी खरं उत्तर आतल्या आत गळतंय.

हा तिसरा प्रसंग प्रत्यक्षातही येतोच. दोन फोनचे ठसे सगळ्या अँटेनांवर जवळजवळ एकसारखे पडले, तर त्यांना वेगळं करणारी वजनं अस्तित्वातच नसतात. तेव्हा रिसीव्हरने हट्ट सोडावा आणि शेड्युलरने, म्हणजे फोनना ब्लॉक वाटणाऱ्या भागाने, त्या फोनला दुसरा रिसोर्स ब्लॉक द्यावा.